आधी आपलं सांगावं

पळसतांड्यावर नसाब बसायची ती सेवालाल महाराजांच्या देवळापुढच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. बैल दुसऱ्याच्या तुरीत शिरला असो की सून माहेरी निघून गेली असो, निवाडा तिथंच. दुसऱ्या तांड्यांवर काय रीत असेल ती असो, इथली रीत जुन्या किसनसिंग नायकानं घालून दिलेली. जो पहिला बोलेल त्यानं दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आधी आपली चूक सांगायची. मग शेजारच्यानं त्याची. असं करत गोष्ट ओट्याभोवती फिरायची आणि चूक कोणा एकाच्या डोक्यावर राहायची नाही. भोगाचा प्रसाद वाटतात तशी सगळ्यांच्या ओंजळीत थोडी थोडी पडायची. एवढीशी उचलायला जड जात नाही कोणाला.

हिरीबाई याच ओट्याभोवती खेळत वाढली आणि इथंच म्हातारी झाली. दर मंगळवारी अंगारावर तूप-गुळाचा भोग लावून अरदासची प्रार्थना म्हटल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस समोर आला की पांढरट धुक्यात काळी सावली हलल्यासारखी दिसे. देवळाच्या सात पायऱ्या मात्र पायांना पाठ होत्या.

मार्चातल्या अशाच एका मंगळवारी ती भोगाचं ताट घेऊन आली, तेव्हा ओट्यावर माणसांच्या सावल्या गोल बसलेल्या होत्या. एक सावली तिनं खोकल्यावरून ओळखली. तांड्याच्या शाळेचे दौलतराव गुरुजी. दुसरा मदनसिंग, तांड्याचा आताचा नायक, त्याच्या बिडीच्या वासावरून. तिसरा माणूस नवा होता. त्याच्या कपड्यांना इस्त्रीचा वास येत होता.

"या, आजी, बसा," नवा माणूस म्हणाला. "मी शिक्षण खात्याकडून आलो. मुंबईहून प्रश्न आलाय तुमच्या नातीबद्दल. विधानसभेत."

हिरीबाईच्या हातातलं ताट थोडं कललं. गुरुजींनी ते धरून बाजूला ठेवलं.

नात म्हणजे निता. हिरीबाईच्या लेकाची, बादलची मोठी पोर, अकरा वर्षांची. दिवाळी झाली की तांड्यातली चाळीसातली पस्तीस घरं कुलपं लावून उसाच्या फडावर जातात. मागं म्हातारी माणसं आणि कुत्री. अशा घरांतल्या लेकरांची शाळा बुडू नये म्हणून शाळेतच हंगामी वसतिगृह चालवायची सरकारची योजना आहे. सकाळ-संध्याकाळचं जेवण, झोपायला वर्गखोली, सोबतीला तांड्यातलीच एखादी बाई. आधीच्या दोन वर्षी निता तिथंच राहिली होती. सोबतीच्या रामीबाईच्या हातच्या भाकरी खाऊन, पाढे पाठ करून. गेल्या वर्षी मात्र दिवाळी गेली, ट्रॅक्टर दारात आला, तरी मंजुरी आली नाही. निता आई-बापासोबत गेली. जानेवारीत फडाजवळच्या बिनकठड्याच्या विहिरीवर पाणी शेंदताना तिचा तोल गेला. तिला तांड्याच्या मातीत ठेवलं, त्याला नऊ दिवस झाल्यावर मंजुरीचं पत्र आलं. बादल आणि त्याची बायको संगीता तोवर धाकट्या संस्कृतीला घेऊन परत फडावर गेले होते. मुकादम दुःखाला सुट्टी देत नाही.

"कोन इचारून राह्यलं जी?" हिरीबाईनं विचारलं.

"एक आमदार आहेत. दुसऱ्या जिल्ह्यातले. त्यांनी पेपरात वाचलं."

"अन् सांगनार कोन?"

"मंत्री."

"मंत्र्याले कसं ठावं, इथं काय झालं ते?"

"म्हणूनच तर मी आलो," साहेब हसून म्हणाले. "तुम्ही मला सांगणार, मी वर पाठवणार, वरचे आणखी वर पाठवणार. आज पाचच्या आत गेलं पाहिजे."

मग त्यांनी कागद वाचला. पळसतांडा येथील हंगामी वसतिगृह वेळेत सुरू न झाल्यामुळे अकरा वर्षांच्या मुलीस पालकांसोबत ऊसतोडीस जावे लागले व तेथे विहिरीत पडून तिचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले आणि वसतिगृह वेळेत सुरू होण्यासाठी कोणती कार्यवाही करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

हिरीबाईला भरून आलं. केवढी मोठी नसाब ही! मुंबईला बसली आणि तिचा एक कोपरा इथं या ओट्यापर्यंत आला. आपल्या नितासाठी. ओटा तोच, लिंब तोच, गोल करून बसलेली माणसं. तिनं पदर डोक्यावर सारखा केला, देवळाकडं हात जोडले, आणि आयुष्यभर ज्या रीतीनं बोलत आली त्याच रीतीनं बोलली.

"मीच धाडलं तिले जी."

साहेबांचा पेन थबकला. "कोणी पाठवलं म्हणता?"

"मीच. बादल म्हने, याडी, माय, राहू दे पोट्टीले तुह्याजवळ, आज ना उद्या उघडन वसतिगृह. मी म्हटलं, ने बाप्पा. माह्या डोयाले चूल दिसत नाई. मांगच्या साली हात पोळून घेतला. तांडा सारा खाली. वयात येऊन राह्यली पोर. मी आंधळी तिले कशी राखू? तिचं बोचकं मी बांधलं. जायाचं नव्हतं तिले. लिंबाले धरून बसली होती. मीच हात सोडवले."

"कोणी जबरदस्ती केली नाही ना तुमच्यावर?"

"कोन करीन जी? माही चूक मी सांगून राह्यली."

पेन भराभर चालायला लागला. कागदावरचा तो कुरकुर आवाज हिरीबाईला बरा वाटला. दोन महिने छातीवर धोंडा होता, तो हलल्यासारखा झाला. सांगून झाल्यावर तिनं रीतीप्रमाणं मान उजवीकडं वळवली. तिकडं गुरुजी बसले होते. आता त्यांची पाळी.

गुरुजी खोकले. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत वसतिगृहाच्या प्रस्तावाची नक्कल होती, पोच घेतल्याच्या शिक्क्यासह. सप्टेंबरात दिला. एक सही राहिली म्हणून परत आला. ऑक्टोबरात पुन्हा दिला. तिथून पुढं तो कोणाच्या टेबलावर पडून होता, ते गुरुजींना ठाऊक होतं आणि समोर बसलेल्या साहेबांनाही. पिशवीच्या तोंडावर गुरुजींचा हात होता. तो तिथंच राहिला.

"अंगठा," साहेब म्हणाले.

हिरीबाईनं अंगठा दिला. शाई पदराला पुसत ती म्हणाली, "अन् तुमचं?"

"माझं काय?"

"तुमी सांगा ना आता तुमचं. गुरुजींचं बी ऱ्हायलं."

"आजी, प्रश्न विचारणारा मी," साहेब हसले आणि कागदाची घडी घालून उठले. "तुम्ही खरं बोललात, फार मदत झाली."

जीप गेली. मदनसिंग बिडी ओट्यावर विझवत म्हणाला, "हिरी, येडी हायेस तू. ते नसाब नव्हती."

"मंग काय होतं?"

मदनसिंगनं भोगाचं ताट उचलून तिच्या हातात दिलं.

एप्रिलात फडावरची माणसं परतली. संस्कृती उन्हानं काळी ठिक्कर पडून आली. पाढे विसरली होती. पण तिला आता बहिणीसारखी वेणी घालता येऊ लागली होती. आल्या आल्या ती आजीच्या मांडीत शिरून म्हणाली, "दादी, आता मी शाळेतच राहीन ना? रामीबाईजवळ?"

"राह्यशील ना. मुंबईचं उत्तर येऊ दे."

उत्तर आलं होतं. गुरुजींनी ते वाशीमला एका ओळखीच्या पत्रकाराकडून छापील मिळवलं आणि आठ दिवस खिशात बाळगलं. शेवटी एका सकाळी हिरीबाईच्या ओसरीवर येऊन त्यांनी ते वाचलं. बादल दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

"एक: हे खरे नाही."

"काय खरं नाई?" हिरीबाई म्हणाली.

"वसतिगृह नव्हतं म्हणून निताला जावं लागलं, हे." गुरुजी पुढं वाचू लागले. "दोन आणि तीन: चौकशीअंती, सदर विद्यार्थिनीस तिच्या आजीने स्वेच्छेने पालकांसोबत पाठविल्याचे आजीच्या जबाबावरून दिसून येते. चार: प्रश्न उद्भवत नाही."

"अन् त्या आमदारानं काई म्हटलं नाई? फिरून नाई इचारलं?"

"विचारायची सोय असते तिथं. मंत्री उभे राहून बोलले की उलट प्रश्न करता येतात. पण एका तासात पाच-सहाच प्रश्न होतात, आजी. आपला बत्तिसावा होता. तिथवर आलेच नाहीत. मग उत्तर नुसतं छापून ठेवतात."

"म्हंजे बाकीचं कोनी सांगतलंच नाई."

"नाही."

बादल पहिल्यांदाच बोलला. "याडी, तू कायले सांगतलं तसं?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच बोलला, आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून वावराकडं निघून गेला. त्यानंतर घरात त्या जबाबाचं नाव निघालं नाही. पण संगीता ताट वाढताना सासूचं ताट जमिनीवर जरा आपटून ठेवू लागली, आणि हिरीबाई ते निमूट ओढून घेऊ लागली.

पाऊस आला, सोयाबीन आलं. गुरुजींनी या वेळी जुलैतच प्रस्ताव तयार केला. बावीस मुलांची नावं, पहिलंच नाव संस्कृती बादल. प्रत्येक कागदावर सही, प्रत्येक सहीखाली शिक्का. स्वतः मोटारसायकलवर जाऊन हातोहात देऊन आले. हिरीबाईनं त्या दिवसापासून रोजचं एक जेवण सोडलं. मंजुरी येईस्तोवर एकवेळच खायचं, असं महाराजांपुढं बोलली. संस्कृती शाळेतून आली की रोज विचारायची, "दादी, आलं का?" आणि रोज आपल्या ताटातली अर्धी भाकर आजीपुढं सरकवायची. हिरीबाई ती बोटांनी चाचपून परत सरकवायची.

नवरात्राच्या आधी प्रस्ताव परत आला. सही राहिली नव्हती. शिक्का राहिला नव्हता. वर लाल शाईत एकच ओळ होती: सभागृहात दिलेल्या उत्तराशी विसंगत असल्याने परत.

मदनसिंग नायकानं गुरुजींना ती ओळ दोनदा वाचायला लावली. "म्हंजे कसं हो, गुरुजी?"

"म्हणजे, वसतिगृहावाचून इथलं कोणाचं अडत नाही असं विधानसभेत सांगून झालंय. आता वसतिगृह दिलं तर ते खोटं ठरेल."

"वा रे वा!" नायक हसला. ते हसणं ऐकवत नव्हतं. "सरकारची जबान खाली पडू द्याची नाई. आमची लेकरं पडली विहिरीत तर पडू द्या."

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या. भांडी, गाद्या, कोंबड्यांची टोपली, शेळ्या, त्यांच्या मध्ये लेकरं. हिरीबाईनं या वेळी बोचकं बांधलं नाही. संगीतानं बांधलं. संस्कृती लिंबाला धरून बसली नाही. ती मुकाट्यानं येऊन आजीच्या पाया पडली. आठ वर्षांच्या पोरीचं ते शहाणपण म्हातारीला बहिणीच्या रडण्याहून जड गेलं.

"विहिरीकडं जाऊ नको, माय."

"मंग पानी कोन आनन, दादी?"

हिरीबाईनं पोरीच्या दंडाला काळा दोरा बांधला. गाठ बोटांना लागेना, म्हणून संस्कृतीनंच दुसऱ्या हातानं ती आवळून घेतली.

तेवढ्यात गुरुजी धापा टाकत आले. शाळेत त्या दिवशी पाचच मुलं होती. ते ओट्याजवळ थांबले, पिशवीतून ती शिक्क्याची नक्कल काढली आणि सगळ्यांसमोर, ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज चढवून बोलले, "आजी, माझं सांगतो. त्या दिवशी हा कागद माझ्याजवळ होता. साहेबांच्याच टेबलावर फाईल अडली होती. मला माहीत होतं. माझी बदली होईल म्हणून मी तोंड उघडलं नाही."

बादलनं ट्रॉलीवरून एकदा खाली पाहिलं.

हिरीबाई गुरुजींच्या आवाजाच्या दिशेनं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती कधीच मोठ्यानं बोलत नसे.

"हे तवा बोलायचं होतं, गुरुजी," ती म्हणाली. "माह्या लगोलग."

मुकादमानं शिट्टी मारली. ट्रॉल्या हलल्या. संस्कृतीनं हाक मारली की नाही, ते इंजिनाच्या धडधडीत कळलं नाही. हिरीबाईला तर नुसती एक लांब सावली धुक्यातून निघून गेल्याचं दिसलं. धूळ बसेस्तोवर ती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तांड्यात चूल पेटली ती पाच घरांत. हिरीबाई सात पायऱ्या चढून गेली, अंगारावर तूप-गूळ सोडला आणि अरदास म्हटली. ट्रॉलीत गेलेल्या बावीस लेकरांची नावं तिनं एकेक करून घेतली. तेविसावं नाव निताचं घेतलं. मग रीतीप्रमाणं प्रसाद वाटायला ती ओट्यावर आली. मदनसिंगच्या हातावर ठेवला, रामीबाईच्या हातावर ठेवला. गुरुजी लांब उभे होते. त्यांना बोलावून त्यांच्याही हातावर ठेवला.

ताटात पुष्कळ उरला होता. तो घेऊन ती लिंबाखाली बसून राहिली. घ्यायला आणखी कोणी आलं नाही.