झाडलेलं अंगण आणि घुबड

मिसाओबाईंना नोव्हेंबर हवा होता. आळीच्या मंडळाच्या कॅलेंडरवरचा.

बारा वर्षं त्या महिन्यावर मंडळाचे अध्यक्ष उशिजिमा यांनी काढलेला फोटो छापून येत होता, आणि बारा वर्षं तो एकच होता: देवळाचं झाडून लख्ख केलेलं अंगण. त्यात माणूस नाही, पाखरू नाही, औषधालाही एक पान नाही. पोस्टात पस्तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेल्या मिसाओबाईंनी कॅमेरा घेतला तो या अंगणाच्या रागापोटीच, असं म्हटलं तरी चालेल.

यंदा देवळाजवळच्या जुन्या केयाकीच्या झाडाच्या ढोलीत घुबड आलं होतं. राखाडी, गुबगुबीत, दिवसभर डोळे मिटून बसणारं. ढोलीसमोरच मेपलची फांदी. तीन आठवडे बाई रोज सकाळी जाऊन बघत होत्या आणि फांदी हिरवीच होती. शनिवारी ती एकदाची लालभडक झाली. फोटो द्यायची मुदत रविवारी संध्याकाळपर्यंत. म्हणजे रविवारी सकाळी ढोलीवर ऊन आलं की काम फत्ते. हा बेत त्यांनी फक्त तोफूवाल्या ओकिएला सांगितला आणि तिथेच चुकलं. ओकिएच्या तोंडात तीळ भिजत नाही.

रविवारी ट्रायपॉड खांद्यावर टाकून बाई देवळात पोचल्या, तर आळीतली वीस-पंचवीस माणसं बांबूचे खराटे घेऊन ओळीत उभी. अंगण लख्ख. उद्या पुन्हा झाडायला नको म्हणून मेपलही गदागदा हलवून रिकामा केलेला. कडेला पानांचा कमरेएवढा ढीग.

उशिजिमा पुढे येऊन कमरेत वाकले. "तुम्ही फोटो काढणार असं कळलं. म्हटलं, फोटोत आपलं देऊळ पारोसं दिसायला नको. दरवर्षीची सफाई आठवडाभर आधीच उरकली."

मिसाओबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर सत्तरी उलटलेली माणसं थंडीने लाल झालेल्या नाकांनी कौतुकाने हसत होती. त्याही वाकल्या, "केवढे कष्ट घेतलेत" म्हणाल्या, आणि मनातल्या मनात त्यांनी अध्यक्षांना त्या ढिगात पुरलं.

घुबडाने एक डोळा उघडला, उघड्याबोडक्या फांदीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

मग रिवाजाप्रमाणे थोड्या पानांची शेकोटी झाली, रताळी भाजली, उशिजिमा सोडून सगळे देवळाच्या पायऱ्यांवर बसले. ओकिएने गरम रताळं पुढे केलं. बाई तिच्याशी बोलत नव्हत्या, पण रताळं घेतलं.

"एवढी काय फुगतेस गं? तुझ्या भल्यासाठीच सांगितलं."

"तू माझं भलं करायचं सोडशील तर बरं होईल."

तेवढ्यात ढिगात खसखसलं. आसरा गेलेले उंदीर तिथेच शिरले असावेत. डोक्यांवरून काहीतरी बिनआवाज गेलं, पानं भसकन उडाली, आणि खाली बसली तेव्हा घुबड छातीपर्यंत लाल-पिवळ्या पानांत रुतलेलं होतं. डोक्यावर मेपलचं एक पान. उंदीर बहुधा निसटला होता, कारण स्वारी चांगलीच खजील दिसत होती.

कुणी हललं नाही. ढिगाशेजारी खराटा धरून उभे असलेले उशिजिमा तर श्वास घ्यायचंही विसरले. बाईंनी रताळं ओकिएच्या मांडीवर टाकलं आणि चिकट बोटांनी बटण दाबलं. एकदा, दोनदा, सतरा वेळा. घुबडाने मान वळवून अध्यक्षांना नीट न्याहाळलं आणि ते ढोलीत परत गेलं. मग सगळं अंगण हसायला लागलं. मिसाओबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ओकिएला माफ केलं.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत टेबलावर दोन फोटो होते. एक झाडलेलं अंगण. दुसऱ्यात घुबड, पानं, आणि मागे दोन रबरी बूट नि एक खराटा. उशिजिमा चष्मा लावून बराच वेळ वाकून बघत राहिले.

"कडेला तुमचे पाय आलेत," त्या घाईघाईने म्हणाल्या. "तेवढे कापता येतील."

"हात लावू नका," अध्यक्ष म्हणाले. "बारा वर्षांत मी पहिल्यांदाच कॅलेंडरवर येतोय."

आणि त्यांनी आपलं अंगण उचलून पाकिटात ठेवलं.