पाच धर्म, एक उत्तर

धाकटीने शेवटचं पान टेबलावर पालथं ठेवलं आणि वर्गातल्या अकरा जणांनी बाकांवर बोटांनी हलकेच टकटक केली. या वर्गात टाळ्या वाजवत नाहीत. टाळ्यांनी माणूस चढतो, असं सरांचं म्हणणं. म्हणून एखादं वाचन आवडलं की फक्त बोटं वाजवायची, तीही तीनदा. मागच्या बाकावर पाहुणी म्हणून बसलेल्या तिच्या ताईची ती टकटक ऐकून तळपायाची आग मस्तकाला गेली.

निबंधाचं नाव होतं ‘शोक : पाच धर्म, एक उत्तर’. वाचणारीचा नवरा जाऊन नऊ आठवडे झाले होते.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी हा अभ्यासवर्ग भरे. भिंतीवर हाताने आखलेला मोठा तक्ता. उभ्या रकान्यांत जगातले धर्म, आडव्या ओळींत प्रश्न : ईश्वर, आत्मा, मृत्यू, शोक. वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून ओळी वाटून घ्यायच्या, आणि आपल्या वाट्याला आलेली ओळ स्टोइक या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाच्या चष्म्यातून वाचून निबंध लिहायचा. धाकटीच्या चिठ्ठीत ‘शोक’ निघाला तेव्हा नवरा शेजारीच होता. त्याला ‘ईश्वर’ आला होता. “माझं काम सोपं. आहे की नाही, एवढंच बघायचं,” असं म्हणून त्याने सरांनासुद्धा हसवलं होतं. जमिनी मोजणारा माणूस. भर उन्हात मोजणी चालू असताना छातीत कळ येऊन खाली बसला तो पुन्हा उठला नाही. त्यानंतर धाकटी तिसऱ्याच रविवारी वर्गाला आली. ती चिठ्ठी परत टाक, दुसरी घे, असं तिला या शहाण्यांपैकी एकानेही सांगितलं नाही.

ताईला तत्त्वज्ञानाचं वावडं नव्हतं. तिला रिकाम्या वेळेचं वावडं होतं. सत्तावीस वर्षं ती इस्पितळात काम करत होती, त्यातली अकरा वॉर्डची मुख्य परिचारिका म्हणून. माणसाकडे नुसतं बघून तिला वजन कळे. धाकटीचं आठ किलोंनी उतरलं होतं, कदाचित नऊ. परीक्षा संपल्यावर सासूबाई धाकटीच्या पोरीला घेऊन गावी गेलेल्या, घरात ती एकटीच. काल तिच्या घरी फ्रिज उघडला तर आत एक लिंबू आणि डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. बिछान्यावरची चादर ताईने स्वतः घातलेलीच, घडीसुद्धा मोडलेली नाही.

“झोपतेस कुठे?” ताईने विचारलं होतं.

“खुर्चीत. बरं वाटतं.”

फोन केला की तेच. बरं आहे, ठीक आहे, चाललंय. म्हणून आज ताई रजा टाकून इथे आली होती. या मंडळींनी आपल्या बहिणीच्या डोक्यात काय भरवलंय ते तिला बघायचं होतं. आणि बघितलं. एक धर्म म्हणतो आत्मा मरत नाही. दुसरा म्हणतो आत्माच नाही. तिसरा म्हणतो शेवटच्या दिवशी सगळे उठतील. चौथा म्हणतो ज्याचं होतं त्याच्याकडे गेलं, आणि पाचवा म्हणतो ती त्याची आज्ञा, ती गोड मानून घ्यावी. धाकटीने हे सगळं किराणा सामानाची यादी वाचावी तशा आवाजात वाचलं आणि शेवटी निष्कर्ष काढला : शोक ही घटना नव्हे, घटनेबद्दलचं आपलं मत आहे, आणि मत बदलणं आपल्या हाती असतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. सत्तरी ओलांडलेला, शर्टाची वरपर्यंत बटणं लावणारा सज्जन माणूस.

“या वर्गात इतकी वर्षं आपण जे नुसतं वाचतोय,” ते म्हणाले, “ते आज कोणीतरी जगून दाखवलं.”

पुन्हा टकटक. ताई उभी राहिली.

“मी हिची मोठी बहीण. बोलू का?”

“अवश्य बोला.”

“तुम्ही पाच धर्म पुस्तकांत वाचलेत. मी ते खाटेवर पाहिलेत. पाचही. ज्यांचा आत्मा मरत नाही तीही माणसं रडतात, आणि ज्यांना आत्मा नाही तीही. पोथी उघडतात ती रडत रडतच उघडतात. खाटेला धरून बसतात, भिंतीवर डोकं आपटतात, एकमेकांना घास भरवतात. आपलं मत चुकलं असं म्हणणारा मला सत्तावीस वर्षांत एक भेटला नाही. पाच धर्मांचं एकच उत्तर हवं असेल, तर ते हे आहे. तुमच्या तक्त्यात कुठे बसतं बघा.”

खिडकीजवळ बसलेल्या निवृत्त बँक मॅनेजरने घसा खाकरला. सरांनी हाताने त्याला थांबवलं.

“ताई, स्टोइकांनी रडू नका असं सांगितलेलं नाही,” ते शांतपणे म्हणाले. “पहिले अश्रू आपोआप येतात, त्यांना कोणीच अडवू शकत नाही, हे ते मान्य करतात. प्रश्न त्यानंतरचा आहे.”

“मग हिचे पहिले तुम्ही पाहिलेत?”

सरांनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“नाही पाहिलेत ना? मग कशावरून ठरवलंत की ही पुढच्या इयत्तेत गेली? कोणी विचारलं तिला? जेवतेस का, झोपतेस का?”

“वर्गात खाजगी विचारायचं नाही, असा आमचा नियम आहे.” हे बोलताना सरांचा आवाज खाली आला होता. “आम्हाला वाटलं, तिला साधलं.”

“साधलं.” ताईचा आवाज चढला. “माणूस आतून बंद पडलंय, आणि तुम्ही बाकं वाजवताय. माझ्या वॉर्डात अशी बाई आली ना, तर मी तिला एकटी सोडत नाही. तुम्ही तिला निबंध लिहायला बसवलंत. लाज नाही वाटली? नवरा गेलेल्या बाईकडून शोकावर निबंध?”

कोणी वर बघेना. ताईला बरं वाटलं. ती धाकटीकडे वळली.

“ऊठ. घरी चल. यांच्या नियमांनी पार वाट लावली तुझी.”

धाकटी उठली नाही. तिने पालथं ठेवलेलं पान सरळ केलं.

“यांचा नियम नाहीये तो, ताई.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी तुझ्याच इस्पितळात होतो आपण. डॉक्टरांनी सांगितलं आणि मला एकदम रडू आलं. तू माझा दंड धरलास. म्हणालीस, इथे नाही, बाकीचे पेशंट घाबरतात. घरी गेल्यावर.” धाकटी निबंध वाचत होती त्याच आवाजात बोलत होती. “घरी गेलो तर दारात म्हणालीस, सासूबाईंसमोर नाही, त्यांचं हृदय कमजोर आहे. रात्री म्हणालीस, पोरीची परीक्षा आहे, ती ऐकेल. मी म्हटलं बरं. तुला कळतं त्यातलं.”

तिला उठवायला पुढे केलेला हात ताईने मागे घेतला.

“त्यानंतर तू ड्यूटीवर गेलीस,” धाकटी म्हणाली. “कुठे चालेल ते सांगायचं राहिलं. मी वाट बघत होते. इथे आले तर या लोकांनी विचारलंच नाही काही. बरं वाटलं.”

खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं. दंड धरल्याचं ताईला नीट आठवत होतं. तिने त्या दिवशी किती व्यवस्थित सगळं सांभाळलं, याचं घरात आजही कौतुक व्हायचं. तिलाही त्याचा अभिमान होता.

“इथे चालेल,” ती म्हणाली. “आत्ता. रड तू. कोणी काही म्हणणार नाही. मी बघते.”

धाकटीने प्रयत्न केला असावा. तिचे खांदे किंचित वर गेले, आणि पुन्हा खाली आले.

“आता येत नाही, ताई.”

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की ताईला धरायला काही उरलं नाही. तिला दाराकडे जायचं होतं. मध्ये तीन बाकं होती आणि अकरा माणसं. ती दुसऱ्या बाकापर्यंत पोचली आणि तिथेच तिला हुंदका फुटला. मोठ्याने, बेशिस्त, वॉर्डात कोणालाही तिने कधी फुटू दिला नसता असा. नाक वाहू लागलं, रुमाल सापडेना. सर अर्धवट उठले आणि काय करावं न कळून तसेच वाकून उभे राहिले.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली, डोळे न हलवता, एखादी गोष्ट कशी करतात हे शिकून घ्यावं तशी.