प्रकरण संपेपर्यंत

मित्र विवेकच्या पत्नीच्या, कुमुदिनीवहिनींच्या पत्राला दहा महिने उत्तर गेलं नव्हतं, आणि पद्माकर ओट्याशी उभे राहून किटलीच्या तळाचा पांढरा थर चमच्याने खरवडत होते. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या जड पाण्याने महिन्याभरात किटली आतून खडूसारखी होई. व्हिनेगर ओतून झालं, दोनदा विसळून झालं. तळ लख्ख निघाला तसं त्यांना क्षणभर फार बरं वाटलं.

सकाळपासूनचं हे चौथं काम. कोटाचं बटण लावलं होतं, रिकाम्या बाटल्या दुकानातल्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनमध्ये घालून आले होते, तळघरातला दिवा बदलला होता. काम संपलं की हात मोकळे होत आणि मोकळे हात टेबलाच्या खणाकडे जात. मग ते घाईघाईने पुढचं काम शोधत.

“अहो, आता तिच्यात तोंड बघत बसणार का?” विभावरी दारातून म्हणाली. “टपालपेटी साडेबाराला उघडतात. आज नाही गेलं तर सोमवार. विवेकभाऊजींचं वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलंय.”

“लिहितो ना. सायकलमध्ये हवा तेवढी...”

“सायकलला कुठे जायचंय आज?”

ते टेबलाशी बसले. पत्र पाठ झालं होतं, तरी घडी उघडली. वहिनींचं अक्षर मोठं, सुटं. ‘त्या रविवारी हे फोन घेऊन गॅलरीत गेले. अर्ध्या तासाने आत आले आणि म्हणाले, पद्माकरशी पोटभर बोललो. चार दिवसांत पहिल्यांदा नीट जेवले. तुम्ही काय बोललात, ते मला सांगाल? फोनवर मला आता ऐकू येत नाही, लिहूनच कळवा. वर्षश्राद्धाच्या आत कळलं तर बरं.’

पद्माकरांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“त्या रविवारी आमचं बोलणं झालंच नाही,” ते म्हणाले.

विभावरी दारातून आत आली. “म्हणजे?”

“फोन वाजला. मी वाचत होतो. सहा पानं राहिली होती. म्हटलं, प्रकरण संपवून करतो. मग वाटलं, तिकडे उशीर झाला असेल, उद्या करू. सोमवारी दाढ दुखायला लागली. मंगळवारी तो गेला.”

“मग भाऊजी पोटभर बोलले कोणाशी?”

पद्माकरांनी पत्राची घडी घातली.

ती समोरच्या खुर्चीत बसली. “दहा महिने मी तुमच्या आळसाला नावं ठेवतेय,” ती हळू आवाजात म्हणाली. मग म्हणाली, “लिहा दोन गोड शब्द. तिला कुठे कळणार आहे?”

“लिहून पाहिलं. सात वेळा.” त्यांनी खण ओढून कागद तिच्यापुढे सरकवले. “सगळ्यांत विवेक पुस्तकातल्यासारखा बोलतोय. वहिनी पहिल्या ओळीला ओळखतील. चाळीस वर्षं ऐकलंय त्यांनी त्याला.”

विभावरीने वरचा कागद वाचला आणि तिला हसू आलं. “‘मित्रा, जीवन हा प्रवास आहे’? विवेकभाऊजी? अहो, ते तर तुम्हाला गाढवा म्हणायचे.”

पद्माकरही हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

नंतर मात्र पेन थांबलं नाही. ‘फोन वाजला होता, वहिनी. मी उचलला नाही. गॅलरीत तो अर्धा तास काय करत होता, मला माहीत नाही. माझी चूक तुम्हाला कळू नये म्हणून तो तसं म्हणाला असावा. नेहमी सांभाळून घ्यायचा, तसं.’ एवढंच. पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहिलं गेलं. त्यांनी दुसरं पाकीट घेतलं आणि सावकाश ‘श्रीमती’ लिहिलं.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीशी ते पोचले, तेव्हा टपालवाली बाई ती उघडून पत्रं पिशवीत भरत होती. पद्माकर दोन पावलांवर थबकले. पाकीट कोटाच्या खिशातच होतं. सत्तेचाळीस वर्षं इथे राहूनही अनोळखी माणसाला आधी हाक मारणं त्यांना जमत नसे. बाईने पेटीचं दार लावलं, कुलूप घातलं, पिशवी गाडीत टाकली.

“हालो!” त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला. “बिटे, प्लीज, हे एक.”

तिने पत्त्याकडे बघितलं. “इंडिएन? या, गेर्न,” – भारतात? हो, आनंदाने – म्हणत पाकीट पिशवीत सोडलं आणि गाडी सुरू केली.