शेजाऱ्याचं आमेन

आमच्या आत्याला भलत्या वेळी उपकार मानायची खोड आहे. चुकीचा दात काढणाऱ्या डॉक्टरचेही तिने आधी आभार मानले होते आणि मगच त्याला फैलावर घेतलं होतं. या वेळी मात्र ही खोड आमच्या भट्टीच्या मुळावर येणार असं मला वाटत होतं.

आमची बेकरी कोपऱ्यावर आहे. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा पालिकेच्या मोजणीदाराने आमच्या पायरीवर रेघ मारली. पायरी गेली तर गेली, आम्ही काही बोललो नाही. पुढे पुन्हा मोजणी झाली आणि नवी रेघ थेट भट्टीच्या भिंतीवर आली. समोरच्या बड्या दुकानाची मात्र पायरीसुद्धा शाबूत राहिली. भट्टी म्हणजे काही खाट नव्हे, उचलून मागे सरकवायला. ती गेली की बेकरी बुडाली. आत्याने तक्रार केली आणि मंगळवारची सुनावणी लागली. दोन्ही रेघा मारणारा मोजणीदार एकच होता, आणि तो चर्चमध्ये आमच्याच बाकावर, आत्याच्या उजव्या हाताला बसायचा.

त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी, देशासाठीची उपकारस्तुती आली. आमच्या मंडळीत त्या दिवशी ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं, या देशात आपल्याला वर्षभरात काय मिळालं ते सांगायचं आणि देवाकडे एक मागणं मागायचं. मोघम बोललेलं चालत नाही. ‘शांती’ म्हटलं की मागून कोणीतरी ‘कुठली?’ विचारतंच. मग उजवीकडच्या माणसाने बसल्या जागी आमेन म्हणायचं. त्याने ते म्हटलं की मागणं त्याचंही झालं. तोवर बोलणारा खाली बसत नाही.

शनिवारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब बेकरीत आले. माणूस सोन्यासारखा, पण भांडणाचा वास आला तरी त्यांना घाम फुटतो.

“यंदा तुम्ही बसूनच प्रार्थना केलीत तर?” ते म्हणाले.

“का हो?” आत्या पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

“शेजारी कोण बसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बिचारा अवघडेल. शिवाय इकडे देशाचे उपकार मानायचे आणि तिकडे पालिकेवर तक्रार करायची. लोक म्हणतील, खाल्ल्या घरचे वासे मोजते.”

“पाहुणी असते तर गळक्या छपराखाली गप्प बसले असते, पाळकसाहेब. घर माझं आहे. गळतंय तर मीच सांगणार ना?”

पाळकसाहेबांनी पाव घेतले आणि काढता पाय घेतला. मग मी तोंड उघडलं.

“आत्या, मी तुम्हा दोघांच्या मध्ये बसते. आमेन मी म्हणेन. मिटलं.”

“तू माझी भाची. तू म्हणणारच. त्यात काय मोठं?”

“मग जाऊच नको. भट्टीवर रेघ मारली, त्याचे कसले उपकार?”

“रेघ माणसाने मारली,” ती म्हणाली. “त्याचा राग देवावर काढू का? चल, ताट पुसून दे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट मी पुसलं, पण आपटलं.

रविवारी मोजणीदार नेहमीच्या जागी येऊन बसला. दुसरीकडे बसला असता तर सगळ्यांना कारण कळलं असतं. एका आईने बाळाच्या लसीसाठी उपकार मानले, एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने गल्लीतल्या नव्या दिव्यासाठी. मग आत्या उठली.

“यंदा माझ्यावर अन्याय झाला,” ती म्हणाली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, पण ते प्रार्थनेसाठी नव्हते. “मी पाव भाजणारी बाई. मोठ्या साहेबांच्या कचेरीत गेले आणि तुमचं चुकलं असं तोंडावर सांगितलं. त्यांनी बसायला खुर्ची दिली, ऐकून घेतलं, तारीख दिली. घरी येऊन मी निर्धास्त झोपले. कोणी दार ठोठावलं नाही. असा देश देवाने मला दिला, म्हणून मी त्याचे उपकार मानते. मागणं एकच. मंगळवारी ज्याला विचारतील त्याने खरं सांगावं. खरं सांगून भट्टी जाणार असेल तर जाऊ दे. पुढच्या वर्षीही मी इथे उभी राहणार.”

मोजणीदार आपल्या बुटांकडे बघत बसला. मी तोंड उघडणार तोच आत्याचा हात माझ्या खांद्यावर पडला. जन्मभर भट्टीसमोर उभं राहून तिचे गुडघे कामातून गेलेत. तिने सगळा भार माझ्यावर टाकला, पण ती खाली बसली नाही.

“पुढे जाऊ या का?” पाळकसाहेब हळूच म्हणाले.

“माझं झालं नाही अजून,” आत्या म्हणाली.

“मावशी,” मोजणीदार पुटपुटला. ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. “माझी नोकरी जाईल.”

“जाईलही, बाळा. माझी भट्टी जाईल. म्हणून तर दोघांनी मिळून मागायचं.”

मग तो उठला. आमेन म्हणायला आमच्यात कोणी उठत नाही. पुढच्या बाकाची पाठ त्याने घट्ट धरली.

“आमेन,” तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “पहिली रेघ बरोबर होती.”