दारातली तपासणी

बिस्किटांच्या कारखान्याच्या दारात सुपरवायझर साहेब उभे राहिले की भल्याभल्यांची गाळण उडायची. पांढरा कोट, टोपीत दडपलेले केस, तोंडावर मास्क, हातात ना अंगठी ना बांगडी; यात तसूभर फरक पडला की माणूस परत घरी. कुणी कितीही गयावया केली तरी साहेब ढिम्म. चेहऱ्यांकडे बघण्याच्या फंदात तर ते कधी पडलेच नाहीत. बूट, कोट, नखं, चला पुढे!

त्या दिवशी रांगेतून एक हात पुढे आला आणि साहेबांचं डोकंच फिरलं. मनगटावर भाजल्याचा लालभडक फोड, आणि वर साधी पट्टीसुद्धा नाही.

"असल्या हातानं पीठ मळणार? अक्कल गहाण टाकलीय का? कशानं भाजलं?"

"इस्त्रीनं," मास्कआडून आवाज आला. "तुमच्याच शर्टाला करत होते."

साहेबांनी झटकन मान वर केली. टोपी आणि मास्कच्या मधून बायकोचे डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"तू? इथं? कधीपासून?"

"महिना झाला. तुम्ही घरातून निघालात की पाठोपाठ मीही निघते. रोज तुमच्यासमोरूनच आत जाते."

साहेब कसेबसे म्हणाले, "अगं, एवढं भाजलं, तर सकाळी घरीच दाखवायचं ना!"

"दाखवला की हात," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, आधी कॉलर दाखव."