चार वैद्य आणि एक उघडी पेटी

योगराजचं डोकं फिरलं त्या दिवशी घडलं होतं एवढंच, की कॉम्प्युटरमधल्या एका किल्ल्यात एक पेटी उघडी दिसली. हसायचं तर हसा. माणसं याहून फालतू गोष्टींवरून भावकीत कोर्टकचेऱ्या करतात, याचं तर निदान अकरा वर्षांचं नातं होतं.

नातं कुणाशी, ते आधी सांगतो. सुरतेत नवागामच्या चाळीत योगराज आणि भटू शेजारी शेजारी राहत. दोघंही धुळ्याकडचे, आणि कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे मागावर, अकरा वर्षं एकमेकांचे जोडीदार. म्हणजे तीच आठ मशीनं सकाळी सातला एकाने हातात घ्यायची आणि संध्याकाळी सातला दुसऱ्याच्या स्वाधीन करायची. आठवड्याने पाळी उलटी. ज्याच्यावर सगळी भिस्त, त्याचंच तोंड दिवसातून जेमतेम दहा-दहा मिनिटं दिसायचं. भटूची बायको रंजना इथेच होती, योगराजची बायको आणि मुलं गावी. सुरतेत त्याचं स्वतःचं असं माणूस म्हणजे भटू. तो गेला तर या शहरात आपलं कुणी नाही, हे योगराज मनातल्या मनात पक्कं जाणून होता. बोलून मात्र कधी दाखवलं नाही. आपल्याकडे कोण दाखवतं?

आता त्या मशीनांवरचं कापड. शंभरेक मीटरचा ताका, म्हणजे अखंड कापड, उतरेपर्यंत दोघांच्याही हाताखालून जातो. म्हणून बाकीचे जोडीदार पाळी बदलताना काठावर खडूची रेघ मारतात. इथवर माझं, इथून पुढे तुझं. पुढे घडी खात्यात कापड तपासताना धाग्याची तार तुटलेली सापडली की कुणाला झापायचं ते रेघ बघून ठरतं. योगराज आणि भटूच्या कापडावर अकरा वर्षांत रेघ पडली नव्हती. चूक निघाली तर दोघांनी मिळून बोलणी खायची. कारखान्यात लोक त्यांना नवरा-बायको म्हणायचे, आणि हे दोघं दात काढायचे.

खेळसुद्धा असाच सामायिक. चार वर्षांपूर्वी दोघांनी मिळून एक जुनाट कॉम्प्युटर घेतला, तो योगराजच्या खोलीत ठेवला आणि एक किल्ली भटूकडे दिली. आधीच्या मालकाने त्यात एकच खेळ ठेवला होता, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा. राक्षस, भुतं, भुयारं, आणि सगळ्यात शेवटी सातव्या मजल्यावर बसलेला काळा राजा. सुरुवातीला आपली चार माणसं निवडायची. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी वैद्य. एक कामावर असला की दुसरा खेळायचा, जिथे थांबला तिथून पहिल्याने पुढे न्यायचं. दीड वर्षात त्यांनी काळ्या राजाला लोळवलं. मग भटू म्हणाला, यात काय मोठं, तलवार हातात असल्यावर कुणीही मारील. आता चारही वैद्य घेऊन खेळू.

तसं ठरलं. योद्धा नाही, जादूगार नाही, चोर तर अजिबात नाही. वैद्यांना धारेचं हत्यार चालत नाही, हातात नुसता सोटा, आणि एकमेकांच्या जखमा भरत भरत पुढे जायचं. साध्या उंदराला मारायला अर्धा तास लागे. कुलूपबंद पेट्या तर तशाच सोडून द्यायच्या, कारण कुलूप उघडायची कला फक्त चोराला. दोघांनी तुळजाभवानीच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली होती. चाळिशी उलटलेली माणसं, पण घेतली.

आणि त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची पेटी उघडी होती. आतलं पाचूचं कडं एका वैद्याच्या हातात होतं.

योगराज किती तरी वेळ त्या पेटीकडे बघत बसला. त्याने स्वतः ती पेटी परवा बंद बघितली होती. मग त्याला आठवलं, की खेळात गावातल्या सराईत जाऊन एखादा वैद्य तात्पुरता सोडता येतो, त्याच्या जागी चोर घेता येतो, आणि काम झालं की चोराला रामराम करून वैद्य परत घेता येतो. कुणाला पत्तासुद्धा लागत नाही. हं, म्हणजे असं चाललंय तर.

संशयाचं एक बरं असतं, त्याला रोजचं खाणं आपोआप मिळत जातं. योगराज जरा लक्ष देऊन बघू लागला तर काय काय दिसायला लागलं. भटूचा हात खेळात पहिल्यापासून जड, त्याच्या पाळीत रोज एखादा वैद्य मरायचाच. पंधरा दिवसांत एकही मेला नव्हता. औषधांच्या बाटल्या शिल्लक राहत होत्या. इतकं सफाईचं काम भटूचं कधीच नव्हतं. शिवाय रंजना हल्ली जिन्यात भेटली की विचारायची, भाऊ, आज किती वाजता येणार तुम्ही? नवऱ्याला सावध करायलाच विचारत असणार. नाहीतर शेजारणीला कशाला हव्यात चौकशा?

त्याने पाळी बदलताना सरळ विचारायचं ठरवलं. मशीनांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे कारखान्यात सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. योगराजने लांबून, दोन मशीनांच्या पलीकडून, हाताने पेटी उघडून दाखवली, मग बोट वाकडं करून चोराची खूण केली आणि हात उडवून विचारलं, घेतलास का? भटू तोंडभर हसला आणि त्याने अंगठा वर केला.

निर्लज्जपणाची कमाल झाली! योगराज घरी येईपर्यंत धुमसत होता. कबूल करतोय वर हसतोय. फसवलं याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त झोंबलं ते हे, की याला माझी काही पडलेली नाही. अकरा वर्षं मी याच्यासाठी बोलणी खातो.

बोलणी खाण्यावरून त्याची गाडी पुढच्या रुळावर गेली. दोन-अडीच महिन्यांपासून त्यांच्या कापडात चुका फार निघत होत्या. घडी खात्यातला हिलाल दर दोन दिवसांनी तुटलेल्या तारांचे पट्टे दाखवायचा, आणि मास्टर, म्हणजे कारखान्याचा मुकादम, दोघांनाही उभं-आडवं झापायचा. आजवर योगराजने कधी विचार केला नव्हता, की चुका कुणाच्या. आता केला. जो शपथ मोडून पेटी फोडतो, तो लूमवर तरी कशाला प्रामाणिक राहील? मशीन सोडून बाहेर तंबाखू मळत बसत असेल. आणि निम्मा दोष माझ्या गळ्यात.

सोमवारी संध्याकाळी, भटू यायच्या दोन मिनिटं आधी, योगराजने आठही मशीनांवर काठाला खडूची रेघ मारली. बारीकशी. मंगळवारी सकाळी, भटू गेल्यावर, दुसरी. कुणाला सांगितलं नाही. मनाशी म्हणाला, कर नाही त्याला डर कशाला. बुधवारीही तेच. रेघ सरळच आली.

गुरुवारी ताके उतरले. दुपारी मास्टरने योगराजला बोलावून पाठ थोपटली. हिलालने रेघा बघितल्या होत्या. योगराजच्या बाजूचं कापड आरशासारखं स्वच्छ, आणि चुका होत्या त्या सगळ्या, एकूण एक, भटूच्या बाजूला. मास्टर म्हणाला, हे आधीच करायचं होतंस. संध्याकाळी सातला भटूच्या जागी एक अनोळखी उडिया माणूस डबा घेऊन आला. भटूला दुपारीच घरून बोलावून घेऊन काढून टाकलं होतं.

काढून टाकतील असं योगराजच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन शब्द ऐकून घेईल, शुद्धीवर येईल, एवढाच त्याचा हिशोब होता. तरी वाटेने त्याने स्वतःला समजावलं, की चोराला चोर म्हटलं, माझं काय चुकलं? आज घरी जाऊन तोंडावर विचारतो, पेटीचंही आणि कापडाचंही.

त्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर रंजना बसली होती. भटू तिच्या मागे खाटेवर, भिंतीला टेकून.

पडद्यावर चार वैद्य एका पुलावर उभे होते. रंजनाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठायला लागली. योगराज दारातच उभा राहिला. त्याला पहिला प्रश्न सुचला तो पेटीचाच. माणूस कुठल्या वेळी काय विचारेल, सांगता येत नाही.

रंजनाने साधेपणाने सांगितलं. पहिल्या मजल्यावर विहिरीपाशी एक म्हातारी बसलेली असते. तुम्ही दोघं तिला ओलांडून पुढे जाता. इंग्रजीत लांबलचक बोलते, म्हणून कुणी थांबत नाही. रंजनाने मोबाईल पडद्यासमोर धरून तिचं सगळं बोलणं हिंदीत करून वाचलं. तिला पाणी काढून दिलं, तर तिने पेटीची किल्ली दिली. चोर लागतच नाही. कधी लागत नव्हता.

मग तू का खेळतेस, असं योगराज विचारणार होता. त्याच्याआधी भटूच बोलला. तो योगराजकडे बघून बोलत होता, पण नजर त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला होती.

“माले दिसत नही रे, योगराज. दोन्ही डोयास्मा मोतीबिंदू शे.”

अडीच महिन्यांपासून. मशीनवर तार तुटलेली हाताला लागायची तेव्हा कळायची, तोवर हातभर कापड वाया गेलेलं असायचं. दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं होतं, कुणाला पत्ता न लागू देता. दीड महिना काढायचा होता फक्त. मास्टरला कळलं असतं तर त्याच दिवशी हाकललं असतं. योगराजला सांगितलं नाही, कारण तो गप्प बसणारा नाही. स्वतःची पाळी संपवून वर भटूच्या पाळीतही उभा राहिला असता आणि दिवाळीपर्यंत अंथरूण धरलं असतं. खेळ थांबला तर त्याला लगेच शंका येईल, म्हणून रंजनाला बसवलं. हातवारे लांबून दिसत नव्हते, म्हणून जे विचारील त्याला अंगठा दाखवायचा.

हे सगळं भटू अगदी सहज सांगत होता, जिवाभावाच्या माणसाला सांगावं तसं. योगराजला वाटलं, आत्ता कुणी बोलावून नेईल तर बरं. कुणी आलं नाही. खाली नळावर बायकांची भांडणं चालली होती, तेवढी ऐकू येत होती.

मग भटू हिलालला शिव्या द्यायला लागला. हिलालनेच गेम केला म्हणाला. आपल्या कापडावर रेघ नसते हे सगळ्या खात्याला माहीत. मास्टरकडे गोड व्हायला त्यानेच मागून रेघा ओढल्या असणार. तू उद्या मास्टरला तेवढं सांग, की आमचा खडू नसतोच, या रेघा कुणीतरी लबाडीने काढल्यात. तुझं ऐकेल तो. एवढं सांगितलंस तर दिवाळीपर्यंत निभेल माझं.

योगराजने गप्प राहायचं ठरवलं असतं तर राहता आलं असतं. दिसत तर भटूला नव्हतंच. पण रंजना योगराजच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला कळलं होतं. तिने हळूच कॉम्प्युटर बंद केला.

“भटू, त्या रेघा मन्या हातन्या शेतस,” योगराज म्हणाला. “माले वाटनं तू खेळमा चोर लिधा.”

चुकीचं ऐकलं की काय असं वाटून भटू क्षणभर रंजनाच्या दिशेने वळला. योगराज खाली बसला, भटूच्या पायाशी, आणि माफी कशी मागतात ते त्याला आठवेना. मी उद्या मास्टरचे पाय धरतो म्हणाला, तुझ्या बाजूचं कापडही माझंच होतं असं सांगतो म्हणाला, डोळ्यांच्या ऑपरेशनला मी सोबत येतो म्हणाला. एकातून दुसरं असं बोलतच सुटला. भटूने त्याला बोलू दिलं.

बोलणं संपल्यावर भटूने खाटेच्या काठावरून हात फिरवत चप्पल शोधली. योगराजने ती पुढे सरकवली, तर त्याने घेतली नाही, दुसऱ्या बाजूला चाचपत राहिला. शेवटी रंजनाने दोन्ही चपला त्याच्या पायाला लावल्या. दोघं दारापर्यंत गेले. भटूने खिशातून या खोलीची किल्ली काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

“आज जो नवा माणूस उना ना,” तो म्हणाला, “त्याना संगे पहिला दिनपासून रेघ मारत जाय.”

तो हे रागाने म्हणाला असता तर योगराजला बरं वाटलं असतं. पण भटूने ते काळजीने सांगितलं होतं, जोडीदाराला सांगावं तसं.