घुगरीचा भार

बाईचे केस गळले तर त्यात एवढं रडण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातं? ज्याच्या डोक्यावर घुगरी नाही त्यानं खुशाल म्हणावं. बिजलीबाईच्या डोक्यावर होती. दोन्ही कानशिलांवर चांदीचे जड झुबके, केसांतच गुंफून बांधलेले, गालापर्यंत लोंबणारे. बंजारा तांड्यातल्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईला ते असतात. नवरा आहे तोवर घुगरी उतरवायची नाही. तो गेला की मग उतरते.

आणि बिजलीचा नवरा धावजी राजूरला कोळशाच्या खाणीत होता, जमिनीच्या पोटात.

त्या दिवशी घाटंजीच्या बाजारात ती मिरच्या निवडायला वाकली आणि डावी घुगरी सुटून ढिगात पडली. सोबत केसांचा झुपका. मिरचीवाली तोंडाला पदर लावून मागं सरकली. बिजलीनं घुगरी उचलली, ओढणीखाली दाबून धरली आणि मिरच्या न घेताच तांड्याची वाट धरली. वाटभर तिच्या मनात एकच घोर. आता ही बांधायची कुठं?

सासू तुळसाबाईनं ते कानशील पाहिलं आणि मटकन खाली बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मागचे केस ओढून पुढं आणले, काळ्या दोऱ्यानं आवळले आणि घुगरी परत लटकवली.

"दुखते याडी," बिजली म्हणाली. सासूला ती आईच म्हणायची.

"दुखू दे. ती बाजू रिकामी नोको ठेवू. माहा पोरगा जमिनीखाली हाये."

मग सुरू झाली औषधं. कांद्याचा रस चोळला, घरभर वास सुटला, बाकी काही नाही. बाजारात चादर पसरून जडीबुटी विकणारा लखीराम होता, त्याच्याकडं एक हिरवं तेल होतं.

"लावल्याबरोबर केस फुटतेत," लखीराम म्हणाला.

"कोनाले फुटले?"

"लय जनाईले."

"एखादी दाखव ना मंग."

लखीराम दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. तरी बिजलीनं बाटली घेतली. काय करेल बिचारी? बुडणाऱ्यानं काडी धरायची ती धरायचीच. ते तेल संपलं, मग शेजारणीनं गुंज उगाळून दिली. त्या लेपानं डोक्याची आग आग झाली, आणि केस होते तेही दोऱ्याच्या ओढीनं सुटत गेले.

शेवटी ती घाटंजीच्या दवाखान्यात गेली. तिथली नर्स इंदुताई, बोलायला तिखट पण हाताची हलकी. तिनं बिजलीचं डोकं खिडकीकडं वळवलं, बोटानं चाचपलं.

"मुळं जिवंत आहेत अजून. ही बारीक लव दिसते ना? आता नीट ऐक. तेलानं काही बिघडणार नाही आणि काही घडणारही नाही. गुंज विषारी, ती बंद कर. आणि कोणी बिब्बा सांगेल, तो तर मुळीच नको. कातडी जळली की तिथं पुन्हा काही उगवत नाही. हे ओढीनं गळतंय बाई. ओझं उतरव, सहा-आठ महिने."

"मंग पक्के येतीन?"

"बहुतेक येतील. नाही उतरवलंस तर नक्की येणार नाहीत."

"उतरवता नाही येत ताई. नवरा हाये ना मले."

"नवरा काय या चांदीला टांगलाय?"

बिजलीनं ओढणी परत डोक्यावर ओढली. टांगलाच होता. तिच्यापुरता तरी होताच, आणि इंदुताईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

ती घरी आली तेव्हा तुळसाबाई अंगणात उन्हाला बसून केस विंचरत होती. सासरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली. तुळसाबाईच्या डोक्यावर घुगरी नव्हती, कानशिलांवर पांढऱ्या केसांच्या दाट बटा होत्या. रोजच्या डोळ्यांपुढच्या त्या बटा बिजलीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

"याडी, तुह्ये केस कधी गळाले नाही काय?"

फणी थांबली. "गळाले ना. तुह्यापेक्षा जास्त. दोन्ही बाजूनं चाई पडलती."

"मंग?"

"मंग तुहा सासरा गेला. घुगरी उतरली. वर्षभरात आले सारे." तुळसाबाईनं एक बट मुठीत धरली. "आरशात पाह्यलं का मले या केसाईचाच राग येते."

बिजलीनं डोळ्यांपुढं तांड्यातल्या एकेकीचं डोकं आणलं. ज्यांची कानशिलं भरलेली होती त्यातल्या बहुतेक विधवा. इंदुताई खरंच बोलली होती. औषध लागू पडत होतं, तिच्यासमोर फणी घेऊन बसलेलं होतं. म्हणूनच तिला ते नको झालं; केस येणं म्हणजे नवरा जाणं, मग ते पुन्हा न उगवलेलेच बरे.

"बिब्बा लाव मले," ती म्हणाली.

"ते नर्सबाई काय म्हने?"

"काही नाही म्हने."

तुळसाबाईनं बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला आणि सुटलेलं तेल कानशिलाला लावलं. दोन दिवसांत बिब्बा उतला. अर्धं तोंड सुजलं, डावा डोळा मिटला, कानामागून पाणी वाहायला लागलं. तुळसाबाई खोबरं चावून चावून लावत राहिली आणि सुनेच्या उशाशी बसून स्वतःलाच शिव्या घालत राहिली. सूज उतरली तेव्हा डाव्या बाजूला नुसती चकचकीत कातडी उरली होती. तिच्यावर लवसुद्धा नव्हती.

होळीला धावजी आला. सारा तांडा लेंगीची गाणी गात नाचत होता, आणि बिजली ओढणी कपाळापर्यंत ओढून चुलीपुढं. धावजीनं ती ओढणी मागं सारली. डावी घुगरी डोक्यावरून आडव्या नेलेल्या दोऱ्याला बांधलेली, आणि त्याच्या ताणानं उजव्या बाजूचेही केस विरळ झालेले.

"येडी हायेस काय?" तो म्हणाला. "माह्यासंगं खाणीत उतरतेत त्याईच्या बायका घालतेत काय घुगरी? जिवंतच हायेत ना सारे? काहून जाळून घेतलं वं?"

त्यानं स्वतः दोन्ही घुगऱ्या सोडल्या. तुळसाबाईनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. बिजलीला मान एकदम हलकी वाटली. डावी बाजू गेली ती गेली. उजवी तर वाचेल. सणाचे दिवस ती ओढणीखाली मोकळ्या डोक्यानं वावरली आणि लग्नानंतर पहिल्यांदा कुशीवर झोपली.

निघायच्या दिवशी ती त्याला सडकेपर्यंत पोचवायला गेली. घुगऱ्या कमरेच्या गाठीत होत्या. दोघं पळसाखाली उभे राहिले. धावजी घरून निघताना बोलत होता, हसवत होता. सडकेवर राजूरच्या येष्टीचा धुरळा दिसला तसा तो गप्प झाला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही." तो धुरळ्याकडं पाहत होता. "संग आनली काय ते?"

तिनं गाठ सोडून दाखवली. येष्टी वळणावर आली.

"उजवी तरी बांध," तो म्हणाला.

बिजलीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं नजर दिली नाही. तिनं राहिलेले केस गोळा केले, दोरा गुंडाळला, घुगरी लटकवली. गाठ सैल बसली.

"नीट बांध," धावजी म्हणाला आणि दोऱ्याचं टोक त्यानंच ओढून घट्ट केलं.